पॅकिंग झालंय

हातोडीचा ठोका जरासा चुकला आणि पॅकिंग कोपऱ्यात फाटलं.

जैनुद्दीन मिस्त्रीनं हातोडी खाली ठेवली. गिअरबॉक्सच्या उघड्या तोंडावर अंथरलेला तपकिरी जाड कागद त्यानं अलगद उचलला आणि दारातल्या उजेडात धरला. तीन बाजू छान कापल्या गेल्या होत्या. चौथ्या बाजूला, बोल्टच्या भोकापाशी, कागद चिरला होता. एवढ्याशा चिरेतून तेल पाझरतं आणि एकदा पाझरायला लागलं की थांबत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानं तो कागद भिंतीशी ठेवलेल्या पाटीत टाकला. पाटीत असेच आणखी काही कागद पडलेले होते, प्रत्येक कुठं ना कुठं चिरलेला. फळीवर आता एकही कोरा कागद उरला नव्हता.

मग उजवा हात मांडीखाली दाबून तो तसाच बसून राहिला. मांडीखाली असला की हात गप्प राहायचा.

पॅकिंग कापायची रीत सोपी आहे, म्हणजे ज्याचा हात त्याच्या ताब्यात आहे त्याला. कागद पेटीच्या तोंडावर ठेवायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके देत जायचं. खरं तर खालची लोखंडी कडच कागद कापते. भोकं पाडायला बेअरिंगमधला एक छर्रा घ्यायचा, भोकाच्या जागी कागदावर ठेवायचा आणि वरून एक टोला द्यायचा, की टिकलीएवढा तुकडा सुटून खाली पडतो. हे कागदाचं पॅकिंग पेटी आणि झाकण यांच्यामध्ये दाबून बसलं की आतलं तेल आत राहतं. जैनुद्दीननं उभा जन्म हे काम गप्पा मारता मारता केलं होतं. गेल्या हिवाळ्यात हात थरथरायला लागला. आधी चहाच्या बशीत, मग नमाजाच्या वेळी गुडघ्यावर, आणि मग हातोडीवर. ही गोष्ट त्यानं कुणालाही सांगितली नव्हती. पौडसारख्या गावात एवढी गोष्ट लपते असं त्याला वाटत होतं, हे त्याचं भाबडेपण.

"काय मिस्त्री, झालं का न्हाई अजून?"

दारात कुशाबा उभा होता. कुशाबा जवळच्या रिहे गावचा. त्याची जीप पौड आणि रिह्याच्या मध्ये फिरायची. तिच्यात माणसं बसायची, भाताची पोती बसायची, वेळ पडली तर खाटेसकट आजारी माणूस बसायचा. भरल्या जीपनिशी चढ चढताना गिअरबॉक्सचे दातरे मोडले, तेव्हा कुशाबानं पुण्याच्या जुन्या बाजारातून मोडीत निघालेल्या जीपचा गिअरबॉक्स उचलून आणला होता. जैनुद्दीननं तो खोलला, धुतला, आतलं सगळं तपासून पुन्हा बसवलं. फक्त वरचं झाकण बसायचं राहिलं होतं. जीप बाहेर करंजाच्या झाडाखाली लाकडी ठोकळ्यांवर उभी होती.

"व्हतंय," जैनुद्दीन म्हणाला.

"व्हतंय व्हतंय म्हनून लगीनसराई चालली निघून. सोमवारी वऱ्हाड न्यायचंय. नवरदेवाला काय चालत धाडू?" कुशाबानं खिशातून एक ट्यूब काढली आणि मिस्त्रीच्या पुढ्यात ठेवली. "ह्ये बघा काय आनलंय. पुन्यात आता समदे ह्येच लावत्यात. कडंनं लेप द्यायचा, झाकन ठेवायचं आन् आवळायचं. कागद नको का ठोकाठोकी नको."

जैनुद्दीननं ट्यूब डाव्या हातानं उचलली, उलटीसुलटी पाहिली.

"दात घासायचं हाय का ह्ये?"

"थट्टा करू नका. चांगलं हाय म्हनत्यात."

"आसंल की. पर लेप जास्ती झाला की आत उतरतो. त्येचा तुकडा सुटून दातऱ्यांत गेला म्हंजी? आन् कमी पडला की गळाया लागतंय. पॅकिंगचं तसं न्हाई. जेवढ्यास तेवढं."

"मंग लावा पॅकिंग. माझं कुटं न्हाई म्हननं हाय? तयार मिळत आसंल तर उद्याच्या उद्या घेऊन येतो."

"ह्या पेटीला तयार बसनार न्हाई. हितलं एक भोक कुनीतरी नव्यानं पाडलंय, ह्ये बघा. मापानं कापाय पायजे."

"मंग कापा की."

जैनुद्दीननं जवळचा चिंधीचा बोळा उचलला आणि स्वच्छ असलेली पेटीची कड पुन्हा पुसायला घेतली.

"इस्माईल कापंल," तो म्हणाला. "त्याच्यावानी हात कुनाचा न्हाई. त्येला बोलावतो."

कुशाबानं पाटीकडे पाहिलं, मांडीखालच्या हाताकडे पाहिलं, आणि ट्यूब फळीवर नटबोल्टच्या डब्याशेजारी ठेवली. "असू द्या हितं," एवढंच म्हणून तो गेला.

खरं सांगायचं तर लेपानं काम भागलं असतं, आणि ते जैनुद्दीनला पक्कं ठाऊक होतं. लेपाविषयी तो जे बोलला ते खोटं नव्हतं. पण बेतानं लावला तर तो आत उतरत नाही आणि कमीही पडत नाही. अडचण निराळीच होती. लेप लावायला इस्माईलची गरज नव्हती.

इस्माईल त्याचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी तो पुण्याला नाना पेठेतल्या एका गॅरेजात कामाला गेला. चार गोष्टी शिकून परत येईल असं जैनुद्दीन सगळ्यांना सांगत होता, आणि सांगता सांगता त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. एसटी स्टँडच्या मागचं हे पत्र्याचं दुकान हातांवर चालत होतं, आणि हात संपत आला होता. इस्माईल परत आला तर दुकान राहणार, नाही तर नाही. गेल्या ईदला जेवताना इस्माईलनं मस्कतचा विषय काढला. ओळखीतली दोघं-तिघं तिकडे गेलीत, पासपोर्ट करून ठेवलाय, एजंट चांगला आहे, असं काहीबाही. जैनुद्दीन ताटावरून उठून हात धुवायला गेला आणि तिकडूनच म्हणाला, "बघू." जैनुद्दीनच्या बोलण्यात बघू म्हणजे नाही. इस्माईलनं त्याचा अर्थ बघू असाच धरला, आणि बापलेक दोघंही समाधानानं झोपले.

दुपारी जैनुद्दीननं पेटीच्या कडेवर बोटानं तेल फिरवलं आणि त्यावर जुन्या वर्तमानपत्राचं पान दाबलं. पान उचललं तेव्हा त्यावर कडेचा आणि भोकांचा तेलकट ठसा हुबेहूब उमटला होता. त्याची गुंडाळी करून तो स्टँडवर गेला. पुण्याच्या गाडीचा कंडक्टर जयसिंग ओळखीचा होता.

"इस्माईलला दे. म्हनावं ह्या मापाचं पॅकिंग कापून घेऊन ये." गाडी निघाली तसा तो खिडकीबरोबर चार पावलं चालला. "घेऊन ये म्हनावं. धाडू नकोस. सोता ये."

दुसऱ्या दिवशी जयसिंगनं सांगितलं, की इस्माईल गॅरेजात नव्हता, कागद तिथल्या माणसाकडे देऊन आलोय. जैनुद्दीनचा चेहरा उतरला. पण शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर तो दुकान उघडतच होता, तेवढ्यात दुधाच्या टेम्पोतून नथूनं हाक मारली. नथू रोज डेअरीला दुधाचे कॅन घेऊन पुण्याला जायचा.

"मिस्त्री, तुमचा इस्माईल भेटला व्हता. म्हनला, अब्बांना सांग पॅकिंग झालंय. रविवारी येतो."

"काय म्हनला? पुन्यांदा सांग."

"पॅकिंग झालंय. रविवारी येतो. घाईत व्हता लई."

जैनुद्दीनचा जीव भांड्यात पडला. कुलूप तसंच अर्धवट उघडं टाकून तो मागच्या बाजूला घरात गेला. बीबीजान उंबऱ्यात बसून तांदूळ पाखडत होती.

"ऐकलंस का? पोराचा निरोप आलाय. पॅकिंग झालंय म्हनला. रविवारी येतोय."

बीबीजानच्या हातातलं सूप थांबलं.

"पॅकिंग झालंय म्हनला?"

"व्हय. मी म्हनलं न्हवतं का, कागद मिळाला की बसंल कापाया. त्येला राहवायचं न्हाई."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो उभ्या उभ्या टोपी काढत होता, पुन्हा घालत होता, आणि त्याचा हात थरथरत होता तरी तो लपवायचं त्याच्या लक्षात नव्हतं. कितीतरी दिवसांत तो इतका आनंदी दिसला नव्हता.

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा सूप हलवू लागली. पाखडून झालेलेच तांदूळ ती पाखडत होती.

पुढचे दोन दिवस मिस्त्रीच्या अंगात वारं शिरलं होतं. त्यानं दुकान झाडलं, पान्यांना तेल लावलं आणि ते लहानमोठ्या क्रमानं भिंतीवर टांगले. इस्माईलचं बसायचं ठेंगणं स्टूल माळ्यावरून काढून पुसलं. त्याचा एक पाय हलत होता, तिथं पाचर ठोकायला गेला आणि बोट ठेचून घेतलं, तरी हसला. कुशाबा येऊन गेला तेव्हा त्याला मोठ्यानं म्हणाला, "सोमवारी नवरदेव जीपमधी बसंल. पॅकिंग झालंय!" पोराला काय सांगायचं ते तो मनात घोळवत होता. आता हितंच राहा. एवढंच सांगायचं. हाताचं सांगायची गरज नाही. पोरगा समोर बसला की त्याला आपोआप दिसेल आणि मग तो जाणार नाही. असं त्याला वाटत होतं.

शनिवारी बीबीजाननं हिरव्या कापडाची पट्टी घेतली, तिच्यात एक नाणं ठेवलं आणि चारी बाजूंनी बारीक टाके घालून शिवली.

"कुनासाठी गं?" जैनुद्दीननं येता जाता विचारलं.

"लागंल कुनाला तरी."

मग ती चुलीपाशी बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. चूल पेटवायला ती पाटीतले पॅकिंगचे फाटके तुकडे घेऊन जायची. ते पाटीत का साठतायत हे तिनं विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. मोठा डबा गुळाच्या पुऱ्यांनी भरला.

"एवढ्या कशाला? एका पोराला?"

"टिकत्यात," ती म्हणाली.

रविवारी सकाळपासून जैनुद्दीन पुण्याच्या प्रत्येक गाडीकडे डोळे लावून बसला होता. दुपारच्या गाडीतून इस्माईल उतरला. अंगात नवा फुलशर्ट, पायात बूट, आणि हातात मोठी सुटकेस. जैनुद्दीननं आधी त्याचे हात पाहिले. एका हातात सुटकेस, दुसरा मोकळा. क्षणभर तो गोंधळला, आणि मग त्याला फार बरं वाटलं. कागद दुमडू नये म्हणून पोरानं सुटकेसमध्ये आडवा ठेवून आणला होता. कामाचा माणूस असा असतो.

"ये, ये. बस आधी." त्यानं स्टूल पुढे सरकवलं. "पानी पी. आन् काढ बघू पॅकिंग."

इस्माईल बसला नाही. "कसलं पॅकिंग, अब्बा?"

"कसलं म्हंजी? ह्येचं." त्यानं उघड्या पेटीवर थाप मारली. "नथूकडून निरोप धाडलास न्हवं का. पॅकिंग झालंय म्हनून."

इस्माईलनं पेटीकडे पाहिलं, मग हातातल्या सुटकेसकडे पाहिलं, आणि ती हळूच खाली ठेवली.

"माझं पॅकिंग, अब्बा. सामानाचं." तो आता पुण्यासारखं बोलत होता. "एजंटचं एकदम पक्कं झालं. आज मुंबईला पोचायचं आहे. उद्या विमान आहे मस्कतचं. मला वाटलं, तुम्हाला कळलं. तुम्ही बघू म्हणाला होता."

पौडात माणसं गावाला जाताना सामानाची बांधाबांध करतात. पॅकिंग फक्त गाडीला लागतं. निदान जैनुद्दीनच्या दुकानात आजवर तसंच होतं.

"आन् माझा कागद? जयसिंगकडं दिलेला?"

"कुठला कागद? गॅरेज मी सोडलं ना. तिथल्या कुणी मला दिलाच नाही."

जैनुद्दीन स्टुलाकडे बघत राहिला. पाचर मारलेला पाय आता हलत नव्हता. घराकडच्या दारातून बीबीजान आली. तिच्या एका हातात डबा होता आणि दुसऱ्या हातात हिरवी पट्टी. ती इमामजामीनची पट्टी होती, लांबच्या प्रवासाला निघालेल्याच्या दंडावर बांधायची. जैनुद्दीननं पट्टी पाहिली, डबा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. हिला शुक्रवारीच कळलं होतं. आपल्याला दोन दिवस तिनं आनंदात राहू दिलं, आणि त्या दोन दिवसांचा राग करावा की काय करावं हे त्याला कळेना. तो इतका एकटा कधीच नव्हता.

तेवढ्यात कुशाबा आला. "आला का पावना! बसवा आता झाकन." मग त्याला सुटकेस दिसली, बूट दिसले, आणि तो बोलायचा थांबला.

"कागद द्या," इस्माईल म्हणाला. "कापून देतो. गाडीला वेळ आहे अजून."

तो स्वतःच फळीपाशी गेला. कागद ठेवायची जागा त्याला माहीत होती. तिथं काही नव्हतं. त्यानं खाली पाहिलं. भिंतीशी पाटीत दोन-तीन तुकडे उरले होते. त्यानं एक उचलला. तीन बाजू छान, चौथी चिरलेली. दुसरा उचलला. त्याची दोन भोकं नीट पडली होती आणि तिसऱ्याच्या जागी छर्रा घसरून कागद फाटला होता. तिसरा उचलायला तो वाकला आणि तसाच थांबला. वळून त्यानं बापाकडे पाहिलं. जैनुद्दीन खाली बसला होता आणि त्याचा उजवा हात मांडीखाली होता. कुशाबा करंजाच्या झाडाकडे बघत होता, जणू ते त्यानं आजच पाहिलं.

"कधीपासून?" इस्माईलनं विचारलं.

"कागदच खराब आला व्हता औंदा."

इस्माईल बापाशेजारी उकिडवा बसला. त्यानं मांडीखालचा तो हात ओढून बाहेर काढला आणि दोन्ही हातांत धरला. हात तरीही थरथरत राहिला. जैनुद्दीनला वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेल, की नाही जात. एवढ्यासाठी त्यानं हात सोडवून घेतला नाही. स्टँडवर कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजला आणि इस्माईलनं मान वर करून तिकडे पाहिलं. त्याची गाडी नव्हती ती. पण त्यानं पाहिलं, आणि जैनुद्दीनला जे समजायचं ते समजलं.

इस्माईल उठला. त्यानं शर्ट काढून खिळ्याला टांगला, चिंधीवर पेट्रोल घेऊन पेटीची कड आणि झाकणाची कड पुसली, आणि फळीवरची ट्यूब घेतली.

"लेप?" जैनुद्दीन म्हणाला.

"पुण्यात आम्ही हेच लावतो, अब्बा. पॅकिंग कापून मला दोन वर्षं झाली. आता मला तरी जमलं असतं की नाही, कुणास ठाऊक."

हे तो सहज म्हणाला. बापाला बरं वाटावं म्हणूनही म्हणाला असेल. पण हाताच्या थरथरीनं झालं नव्हतं ते या वाक्यानं झालं. जैनुद्दीन ज्या हातांची वाट बघत बसला होता ते हात आता कुठंच नव्हते, मस्कतला नाही, पुण्यातही नाही.

इस्माईलनं ट्यूब दाबली. लेपाची काळी बारीक रेघ कडेवरून निघाली, प्रत्येक भोकाला वळसा घालून पुढे गेली आणि जिथून निघाली तिथं येऊन मिळाली. हात कुठं अडला नाही. त्यानं झाकण ठेवलं, बोल्ट बोटांनी फिरवून घेतले आणि पाना लावला.

"समोरासमोरचे आवळ," जैनुद्दीन म्हणाला. "एकदम आवळू नको."

"हां अब्बा."

शेवटच्या बोल्टला त्यानं पाना बापापुढे धरला. जैनुद्दीननं तो डाव्या हातानं घेतला आणि बोल्ट आवळला. व्यवस्थित आवळला गेला.

"आजची रात्र सुकू द्या," इस्माईल कुशाबाला म्हणाला. "तेल सकाळी भरा."

मग तो रॉकेलनं आणि नंतर साबणानं हात धुवायला बसला. बीबीजाननं त्याच्या दंडावर हिरवी पट्टी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि त्यानं शर्टाची बाही तिच्यावरून खाली ओढली. पुऱ्यांचा डबा सुटकेसमध्ये मावत नव्हता. एक टॉवेल काढून त्यानं तो बसवला. आईला म्हणाला, "तिकडे टॉवेल मिळेल." ती तो टॉवेल उराशी धरून उभी राहिली आणि रडली, काही न लपवता.

स्टँडपर्यंत सगळे गेले. सुटकेस कुशाबानं उचलली. गाडीच्या पायरीवर पाय ठेवून इस्माईल वळला.

"दोन वर्षांचा करार आहे अब्बा. संपला की येतोच. मग दुकान मोठं करू."

"बघू," जैनुद्दीन म्हणाला.

सोमवारी सकाळी तिघा-चौघांच्या मदतीनं गिअरबॉक्स चढवला, तेल भरलं, आणि वऱ्हाड जीपमधून वेळेवर गेलं. दोन दिवसांनी कुशाबा जीप घेऊन आला तो तोंड भरून बोलत होता.

"काय बसलंय म्हनून सांगू मिस्त्री! घाट काय, माळ काय, कुटं टिपूस न्हाई. आता पॅकिंगची कटकटच गेली बघा. ट्यूब काय, कुनी बी लावंल. पुढच्या टायमाला मी सोता लावतो, तुमाला तरास नको." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मिस्त्रीचा हात त्यानं पाहिला होता, म्हणून तो असं बोलत होता.

रोज सकाळी पुण्याची गाडी येईपर्यंत कुशाबाची जीप करंजाखाली उतारूंची वाट बघत उभी असायची. जैनुद्दीन वर्तमानपत्राचं पान घेऊन जायचा, वाकून ते गिअरबॉक्सच्या खाली सरकवायचा आणि जीप निघायच्या आधी काढून घ्यायचा. लेपाचा काय भरवसा, असं तो म्हणायचा. पण त्याला गळायला हवं होतं. एक थेंब पडावा, झाकण खोलावं लागावं, आणि आपण म्हणावं की बघा, पॅकिंगच लागतं, पोराला बोलवा. कुणाला बोलावणार होता तो, आणि आला असता तरी काय कापणार होता, हे सगळं त्याला कळत होतं. तरी सकाळ झाली की तो पान घेऊन जायचा.

बीबीजान दारात उभी राहून बघायची. एके दिवशी तो परत आला तेव्हा तिनं विचारलं,

"गळतंय का?"

"न्हाई."

"थोडं बी न्हाई?"

जैनुद्दीननं हातातलं पान उजेडात धरलं. मग ते उलटं करून दुसऱ्या बाजूनंही पाहिलं.